१२,३४,५६,७८९ : मोठी संख्या आतून बघायची कशी?

बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. ही संख्या आकड्यांत लिहून दाखवली की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "अरे वा, एक ते नऊ ओळीने!" आणि बघणं तिथेच संपतं. खरं तर हे कौतुक संख्येचं नाही, तिच्या पोशाखाचं आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून ती अशी दिसते. मोजण्याचा पाया बदला, की ओळ मोडली. तिला कशाने भाग जातो, ती वर्ग आहे का, तिचे विभाजक किती, या गोष्टी मात्र ती कशीही लिहिली तरी बदलत नाहीत.

म्हणून कागद घेतलात की आधी मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे संख्येचे स्वतःचे गुण लिहायचे, उजवीकडे तिच्या लिखाणाचे. पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर सोडून दुसरं काही लागणार नाही.

आधी वर्गमूळ

कुठलीही मोठी संख्या हातात आली की मी आधी तिचं वर्गमूळ काढतो, तेही ढोबळ. कारण सोपं आहे. संख्या संयुक्त असेल, म्हणजे दोन लहान संख्यांचा गुणाकार असेल, तर त्या दोघींपैकी एक तरी वर्गमुळाएवढी किंवा त्याहून लहान असणारच. दोन्ही मोठ्या असत्या तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. म्हणजे अवयव शोधताना कुठे थांबायचं, ते वर्गमूळ आधीच सांगून ठेवतं.

आपल्या संख्येचं वर्गमूळ ११,१११ च्या किंचित पुढे येतं. ११,१११ चा वर्ग १२,३४,५४,३२१, आणि आपल्या संख्येतून तो वजा केला की उरतात २,४६८. अंकांची ही गंमत पाहून हुरळून जायला होतं, पण तिच्यामागे साधं कारण आहे. दहा अब्जांना ८१ ने भागलं तर १२,३४,५६,७९०.१२ असं काहीतरी येतं, म्हणजे जवळजवळ आपलीच संख्या. ८१ चं वर्गमूळ ९ आणि दहा अब्जांचं एक लाख. लाखाला नवाने भागलं की ११,१११.११ येणारच. उजव्या रकान्यात टिपून ठेवा आणि पुढे चला.

एवढ्यात डाव्या रकान्याचीही पहिली नोंद झाली: ११,१११ चा वर्ग लहान पडला, ११,११२ चा मोठा होतो, तेव्हा संख्या पूर्ण वर्ग नाही.

सोप्या कसोट्या, आणि त्या का चालतात

शेवटचा अंक ९. म्हणजे संख्या विषम, आणि पाचाचाही प्रश्न मिटला. अंकांची बेरीज ४५. ४५ ला ९ ने भाग जातो, तेव्हा संख्येलाही जातो. ही कसोटी शाळेत पाठ झालेली असते, पण कारण क्वचितच सांगितलं जातं. १०, १००, १००० यांपैकी कशालाही नवाने भागलं तर बाकी १ च उरते. त्यामुळे नवाच्या दृष्टीने सातशे म्हणजे नुसते सात, आणि साठ हजार म्हणजे नुसते सहा. अख्खी संख्या तिच्या अंकांच्या बेरजेएवढीच उरते.

अकराचंही तसंच आहे, फक्त तिथे दहाची किंमत उणे एक होते. म्हणून अंक आलटून पालटून अधिक-उणे करायचे: ९−८+७−६+५−४+३−२+१ = ५. शून्य किंवा अकराची पट आली नाही, म्हणजे भाग जात नाही आणि बाकी ५.

सात, अकरा आणि तेरा या तिघांना एकाच वेळी तपासायची एक युक्ती आहे. ती फार कमी जणांना ठाऊक असते, याचं मला कायम नवल वाटतं. ७ × ११ × १३ = १,००१. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा आणि ते आलटून पालटून अधिक-उणे करा: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. आता बारा कोटींऐवजी ४५६ ला भागून बघायचं. सातने बाकी १, तेराने बाकी १, अकराने ५. ही ५ वरच्या कसोटीशी जुळली, म्हणजे हिशेबही तपासून झाला. एक सावधगिरी: लिहिताना आपण स्वल्पविराम लाख-कोटींच्या रीतीने देतो, पण या कसोटीला गट तीनचेच लागतात. स्वल्पविराम पुसून घ्या.

आता नवाने भागून टाका: १,३७,१७,४२१. ही नवी संख्या तपासताना सगळं पुन्हा पहिल्यापासून, कारण तिलाही पुन्हा तिनाने भाग जाऊ शकतो. अंकांची बेरीज २६, म्हणजे जात नाही. सात, अकरा, तेरा यांनी आधीच नकार दिलेला आहे. मात्र फायदा केवढा झाला ते बघा: वर्गमुळाची हद्द ११,१११ वरून ३,७०३ वर आली. अवयव सापडताच लगेच भागून टाकायचं, ते यासाठी.

अडलं की फर्मा

इथून पुढे सरळ रस्ता म्हणजे १७, १९, २३, २९ असं एकेका मूळ संख्येने भागत जाणं. तो रस्ता धरलात तर पाचशेच्या आसपास भागाकार करावे लागतील, आणि तोवर पदरी काहीच पडणार नाही. इथे बहुतेक जण कंटाळतात आणि "मूळ संख्या असावी" असं लिहून मोकळे होतात. असं लिहू नका.

त्याऐवजी सतराव्या शतकातली एक रीत वापरून बघा, फ्रेंच गणिती पिएर द फर्माची. तिची मूळ कल्पना अशी: कोणतीही विषम संयुक्त संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत लिहिता येते. दोन अवयव घ्या, त्यांची सरासरी काढा. एक अवयव सरासरीच्या जितका खाली, तितकाच दुसरा वर. मग गुणाकार म्हणजे सरासरीचा वर्ग वजा त्या अंतराचा वर्ग. आपल्याला अवयव माहीत नाहीत, म्हणून उलटीकडून यायचं: वर्गमुळाच्या लगेच पुढच्या पूर्णांकापासून सुरुवात करा, त्याच्या वर्गातून संख्या वजा करा, आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का ते बघा. नसेल तर एक पाऊल पुढे.

आपलं पहिलं पाऊल ३,७०४. त्याचा वर्ग १,३७,१९,६१६. संख्या वजा केली की उरले २,१९५. हा पूर्ण वर्ग आहे का? कॅल्क्युलेटर उचलू नका. पाचाने संपणारा वर्ग नेहमी २५ ने संपतो, हा ९५ ने संपतोय. बाद.

दुसरं पाऊल ३,७०५. इथे पुन्हा वर्ग करत बसायची गरज नाही. लागोपाठच्या दोन वर्गांत फरक त्या दोन संख्यांच्या बेरजेएवढा असतो: ३,७०४ + ३,७०५ = ७,४०९. तेवढे आधीच्या बाकीत मिळवा: २,१९५ + ७,४०९ = ९,६०४. आणि ९,६०४ म्हणजे ९८ चा वर्ग!

झालं. ३,७०५ − ९८ = ३,६०७ आणि ३,७०५ + ९८ = ३,८०३. पाचशे भागाकारांचं काम दोन पावलांत. गुणाकार करून ताळा घ्या: ३,६०७ × ३,८०३ = १,३७,१७,४२१.

खरं सांगायचं तर नवाने भागलं नसतं तरी ही रीत चालली असती. सुरुवातीच्या बारा कोटींच्या संख्येवर ती ११,११२ पासून सुरू केली तर चौथ्या पावलाला, म्हणजे ११,११५ ला, बाकी ८६,४३६ येते आणि ती २९४ चा वर्ग आहे. फक्त मग हाती १०,८२१ आणि ११,४०९ येतात, आणि त्या दोन्हींतून पुन्हा तीन काढावे लागतात.

फर्माने स्वतः याच रीतीने २,०२,७६,५१,२८१ ही संख्या फोडून दाखवली होती: ४४,०२१ × ४६,०६१. आपल्या आणि त्याच्या, दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. अवयव एकमेकांच्या जवळ आहेत. ते लांब असतील तर ही रीत किती दमवते, ते शेवटी बघू.

सापडलेला अवयव खरंच मूळ आहे का?

हा टप्पा गाळायचा मोह होतो, कारण ३,६०७ दिसायलाच मूळ संख्या वाटते. दिसण्यावर जाऊ नका. २,०२१ सुद्धा तशीच दिसते आणि ती ४३ × ४७ आहे.

६० चा वर्ग ३,६०० आणि ६१ चा ३,७२१. म्हणजे ३,६०७ साठी ५९ पर्यंतच्या सतरा मूळ संख्या पुरतात. ५३ ने भागलं तर बाकी ३, ५९ ने ८, सातने २, सतराने ३. उरलेल्यांनीही भाग जात नाही. ३,८०३ साठी ६१ पर्यंत जावं लागतं. तिथे ६१ ने बाकी २१, एकोणतीसने ४. दोन्ही मूळ संख्या आहेत.

तेव्हा डाव्या रकान्यात ठळक अक्षरांत:

१२,३४,५६,७८९ = ३ × ३ × ३,६०७ × ३,८०३

यापुढे डाव्या रकान्यात जे काही येईल ते या एका ओळीतून निघेल. मूळ अवयवांची फोड, क्रम सोडला तर, एकच असते.

फोडीतून निघणारे आकडे

विभाजक किती? तीन शून्यदा, एकदा किंवा दोनदा घेता येतो, म्हणजे तीन पर्याय. ३,६०७ आणि ३,८०३ यांना प्रत्येकी दोन: घ्या किंवा सोडा. ३ × २ × २ = १२. यादीच करायची तर १, ३, ९, ३,६०७, ३,८०३, १०,८२१, ११,४०९, ३२,४६३, ३४,२२७, १,३७,१७,४२१, ४,११,५२,२६३ आणि खुद्द संख्या. बारा कोटींच्या संख्येला अवघे बारा विभाजक. तुलनेला ७,२०,७२० घ्या: आकाराने कितीतरी लहान, पण विभाजक २४०, कारण ती २, ३, ५, ७, ११, १३ अशा बारक्या अवयवांनी भरलेली आहे.

विभाजकांची बेरीज करायला यादी लागत नाही. (१ + ३ + ९) × (१ + ३,६०७) × (१ + ३,८०३), म्हणजे १३ × ३,६०८ × ३,८०४ = १७,८४,२२,८१६. कंस उघडून बघा, एकेक विभाजक एकदाच बाहेर येतो. यातून संख्या स्वतः वजा केली की राहतात ५,४९,६६,०२७.

तिसरा आकडा: तिच्यापेक्षा लहान अशा किती संख्या तिच्याशी सहमूळ आहेत, म्हणजे ज्यांच्यात आणि तिच्यात १ सोडून सामाईक विभाजक नाही? प्रत्येक मूळ अवयवाच्या पटी गाळायच्या, म्हणजे नवातून तीन आणि बाकीच्या दोघांतून एकेक वजा करून गुणायचं: ६ × ३,६०६ × ३,८०२ = ८,२२,६०,०७२. हे जवळजवळ बरोबर दोन तृतीयांश आहेत. तिनाच्या पटी गाळल्या की एक तृतीयांश गेले. बाकीचे दोन अवयव इतके मोठे आहेत की त्यांच्या पटी फारशा सापडतच नाहीत.

मग ती कोणत्या गटात?

स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज ५,४९,६६,०२७, म्हणजे संख्येच्या निम्मीही नाही. अशा संख्येला न्यून म्हणतात. बेरीज बरोबर जुळली तर परिपूर्ण (६, २८, ४९६, ८,१२८), आणि जास्त भरली तर विपुल. परिपूर्ण असण्याची शंका तर हिशेबाआधीच सोडता आली असती: आजवर सापडलेल्या सगळ्या परिपूर्ण संख्या सम आहेत, आणि विषम असलीच तर ती दीड हजारांहून जास्त अंकांची असेल, हे सिद्ध झालेलं आहे. विषम संख्या विपुल असू शकते, पण तिला बारके अवयव बरेच लागतात. अशी पहिली ९४५.

तीन दोनदा आला, म्हणून ती वर्गमुक्त (जिच्यात कोणताही मूळ अवयव एकदाहून जास्त येत नाही अशी) नाही. एका शब्दाची नोंद, पुढे.

दोन वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिता येईल का? इथे एक खड्डा आहे. चारने भागून बाकी ३ उरणारी संख्या दोन वर्गांची बेरीज कधीच नसते, हे अनेकांना ठाऊक असतं. आपल्या संख्येची बाकी १ आहे (शेवटचे दोन अंक ८९ बघा), म्हणून लोक "येईल" असं लिहून टाकतात. पण १ बाकी उरणं पुरेसं नाही. खरा नियम फोडीवर चालतो: चारने भागून ३ उरणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यायला हवा. तीन दोनदा आला, ठीक. ३,६०७ आणि ३,८०३ यांची बाकी ३ च, आणि दोघेही एकेकदाच आलेत. दोघांच्या तीन-तीन बाक्यांचा गुणाकार ९ झाला, त्यातून १ उरला आणि दोष झाकला गेला. तेव्हा उत्तर: नाही लिहिता येत. तीन वर्गांची बेरीज मात्र होते, कारण आठने भागून बाकी ५ उरते. विषम संख्यांना तिथे फक्त ७ वर्ज्य आहे.

दोन वर्गांची वजाबाकी तर आपण करूनच बसलोय. अशा किती? बारा विभाजकांच्या सहा जोड्या, म्हणून सहा रीती. त्यांतली एक बिनकष्टाची: ६,१७,२८,३९५ चा वर्ग वजा ६,१७,२८,३९४ चा वर्ग.

त्रिकोणी संख्या, म्हणजे १ + २ + ३ अशी ओळीने केलेली बेरीज, आहे का? कसोटी अशी की आठाने गुणून एक मिळवा. उत्तर पूर्ण वर्ग यायला हवं. येतात ९८,७६,५४,३१३. शेवटी ३. कोणताही वर्ग २, ३, ७ किंवा ८ ने संपत नाही. प्रश्न संपला.

उजवा रकाना

आता पोशाखाकडे. १ ते ९ हे अंक एकेकदाच वापरून ३,६२,८८० संख्या बनतात आणि आपली त्यांतली सगळ्यात लहान. त्या सगळ्यांच्या अंकांची बेरीज ४५, त्यामुळे झाडून सगळ्यांना नवाने भाग जातो. म्हणजे या कुळात मूळ संख्या एकही नाही. लिखाणाच्या गुणातून डाव्या रकान्यात काही उतरतं ते असं क्वचित.

गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी ज्यांना हर्षद संख्या म्हटलं, त्यांना स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो. आपली बेरीज ४५. त्यासाठी पाचाने भाग जायला हवा, आणि शेवटी ९ आहे. हर्षद नाही.

द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ती अशी दिसते: १११०१०११०१११,१००११०१०००१०१०१. सत्तावीस अंक, त्यांत सोळा एक (मधला स्वल्पविराम फक्त डोळ्यांच्या सोयीसाठी). एक-ते-नऊची ओळ कुठे गेली?

यंत्राबद्दल एवढंच, की आपल्या संख्येपुरता निदान नऊ-दहा अंक दाखवणारा कोणताही कॅल्क्युलेटर विश्वासू आहे. पुढे तुम्ही सोळा-सतरा अंकी संख्यांकडे वळलात तर स्प्रेडशीटवर विसंबू नका. ती पंधरा अंकांच्या पुढे गुपचूप शून्यं भरते, आणि मग तुम्ही भलत्याच संख्येचे अवयव शोधत बसता. तिथे पूर्णांक जसेच्या तसे ठेवणारी पायथॉनसारखी भाषा घ्या.

उलटी संख्या घेऊन बघा

सरावाला ९८,७६,५४,३२१ घ्या. आधी दोघींचा मसावि काढा: मोठीला लहानीने भागलं की भाग ८ आणि बाकी फक्त ९. लहानीला ९ ने भाग जातोच, तेव्हा मसावि ९. एकाच भागाकारात काम झालं.

मग नवाने भागा: १०,९७,३९,३६९. वर्गमूळ १०,४७५ च्या पुढे. इथे फर्माची रीत लावायला गेलात तर १०,४७६ पासून निघून १,९०,००५ पर्यंत चालावं लागेल. एक लाख एकोणऐंशी हजार पाचशे तीस पावलं. आणि मघाशी जिला नाक मुरडलं ती एकेका मूळ संख्येने भागायची रीत? सतरावर येताच भाग जातो: ६४,५५,२५७. पुन्हा सतराने: ३,७९,७२१. त्यापुढे भाग जात नाही.

तीच नऊ अक्षरं, फक्त उलटी लिहिलेली, आणि रीतींची पाळी अगदी उलटली. म्हणून मी आधी शंभरापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून घेतो, मग दहा-वीस पावलं फर्माची, आणि तरीही अडलं तर पुन्हा भागाकार.

३,७९,७२१ मूळ आहे का, हे तुम्ही तपासा. हद्द ६१६, आणि तिथपर्यंत मूळ संख्या ११२ आहेत. सात, अकरा आणि तेरा एका वजाबाकीत उरकतील.